‘पात्रतेची आणि सुस्थितीची लक्षणे’ : रोएल मंत्रिमंडळाची पार्श्वभूमी

९ मे १८९४ रोजी नेदरलँड्समध्ये सत्तेवर आलेल्या रोएल मंत्रिमंडळाची सगळी कारकीर्द त्या देशाच्या राज्यघटनेतल्या एका शब्दप्रयोगाभोवती फिरली. १८४८ च्या घटनेने थेट निवडणूक आणली आणि मताधिकार प्रत्यक्ष कराच्या रकमेशी बांधला, हे सर्वज्ञात आहे. १८८७ च्या घटनादुरुस्तीने ती करमर्यादा काढून टाकली आणि तिच्या जागी असे लिहिले की, कायदा ठरवील ती ‘पात्रतेची आणि सामाजिक सुस्थितीची लक्षणे’ ज्यांच्या ठायी असतील, त्या पुरुषांना मत देता येईल. ‘पुरुष’ हा शब्दही तेव्हाच घालण्यात आला, कारण १८८३ मध्ये ॲम्स्टरडॅममधील एका महिला डॉक्टरने, आपण पुरेसा कर भरतो या आधारावर, मतदारयादीत नाव घालण्याची मागणी केली होती आणि जुन्या घटनेत तिला नाकारण्याजोगा स्पष्ट शब्दच नव्हता.

स्त्रियांच्या बाबतीत इतकी नेमकी भाषा वापरणाऱ्यांनी कामगारांच्या बाबतीत मात्र संदिग्धता पत्करली. ती जाणूनबुजून पत्करली होती असे माझे मत आहे, कारण लक्षणे कोणती हे तेव्हाच ठरवायचे म्हटले असते तर दुरुस्ती मंजूरच झाली नसती. वाद मिटला नव्हता, तो पुढच्या मंत्र्यांच्या गळ्यात घातला गेला होता.

गृहमंत्री टाक फान पोर्टफ्लीट यांनी १८९२ मध्ये त्या शब्दांचा सर्वांत व्यापक अर्थ लावला. त्यांच्या लेखी ज्याला लिहिता येते तो पात्र, आणि जो सार्वजनिक मदतीवाचून स्वतःचा व कुटुंबाचा चरितार्थ चालवतो तो सुस्थित. या व्याख्येने प्रौढ पुरुषांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मतदार झाले असते. विरोधकांचा आक्षेप असा होता की, निव्वळ पोट भरणे म्हणजे सुस्थिती नव्हे, आणि ‘लक्षण’ म्हणजे बाहेरून दिसणारी, पडताळता येणारी खूण असली पाहिजे. शब्दांच्या दृष्टीने हा आक्षेप पोकळ नव्हता, परंतु त्यामागे कामगारांच्या मताची भीती होती, हेही नाकारता येत नाही. ९ मार्च १८९४ रोजी कनिष्ठ सभागृहाने एक प्रतिकूल दुरुस्ती मंजूर केली, टाक यांनी विधेयक मागे घेतले, सभागृह विसर्जित झाले आणि एप्रिलच्या निवडणुकीत प्रत्येक पक्ष ‘टाकवादी’ आणि ‘टाकविरोधी’ असा उभा चिरला गेला. या निवडणुकीत टाकविरोधकांची सरशी झाली.

सरकार बनवले ते टाकविरोधी उदारमतवाद्यांनी, पण त्यांचे स्वतःचे बहुमत नव्हते. परराष्ट्रमंत्री योआन रोएल हे मंत्रिपरिषदेचे अध्यक्ष असले, तरी सरकारचे खरे काम गृहमंत्री सामुएल फान हौटन यांच्याकडे होते. बालकामगारांविषयीचा १८७४ चा कायदा याच फान हौटन यांच्या पुढाकाराने झाला होता, ही गोष्ट त्यांना सरसकट प्रतिगामी ठरवणारे विसरतात. इतर खात्यांपैकी वसाहत खात्याला डच ईस्ट इंडीजमधील (आजच्या इंडोनेशियातील) लोंबोक बेटावरील १८९४ च्या मोहिमेने आणि पाठोपाठ सुमात्रातील आचेमधील युद्धाने व्यापले. अर्थमंत्र्यांनी वैयक्तिक कराची, म्हणजे घर, नोकर अशा राहणीमानाच्या खुणांवरील कराची, फेररचना केली.

फान हौटन यांनी १८९६ च्या कायद्यात लक्षणांची व्याख्या न करता त्यांची यादीच केली. प्रत्यक्ष कर भरणारा तो कर-मतदार. जो कर भरत नाही, त्याने ठरावीक भाड्याच्या घरात ठरावीक काळ राहिल्याचे दाखवावे, किंवा एकाच मालकाकडे ठरावीक वेतनावर काम केल्याचे, किंवा बचत बँकेत ५० गिल्डर (तेव्हाचे डच चलन) अथवा सरकारी कर्जरोख्यांत १०० गिल्डर असल्याचे, नाहीतर विहित परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे. वयाची अट २५ वर्षांची होती. अमूर्त ‘सुस्थिती’ अशा रीतीने घरभाड्याच्या पावतीत आणि बचतीच्या पासबुकात उतरली. पडताळणी सोपी झाली, पण अवेळी घर बदलणारा किंवा मालक बदलणारा कामगार त्या वर्षीच्या यादीतून गळू शकत होता. काम मिळेल तिथे जावे लागणाऱ्यांवर हा उघड अन्याय होता. तरीही मतदारांची संख्या सुमारे तीन लाखांवरून पावणेसहा लाखांच्या वर गेली, म्हणजे प्रौढ पुरुषांपैकी जवळजवळ निम्मे मतदार झाले. टाकविरोध हाच ज्याचा जन्माधार होता, त्या अल्पमतातील सरकारने हे घडवले, याचे श्रेय त्याला क्वचितच दिले जाते.

याच कायद्याने मोठ्या शहरांतील बहुसदस्यीय मतदारसंघ मोडले आणि उमेदवारांची नावे छापलेली मतपत्रिका आणली. तोपर्यंत मतदाराला नाव स्वतः लिहावे लागत असे.

नव्या याद्यांवरची पहिली निवडणूक १८९७ मध्ये झाली. तिने फान हौटन यांच्या सहकाऱ्यांनाच दुबळे केले, समाजवादी लोकशाही कामगार पक्षाला प्रथमच सभागृहात आणले आणि जुलैमध्ये पुढारलेल्या उदारमतवाद्यांच्या पीअर्सन मंत्रिमंडळाला वाट करून दिली. सक्तीचे शिक्षण, अपघात विमा आणि गृहनिर्माण यांचे कायदे त्या मंत्रिमंडळाने १९०० व १९०१ मध्ये केले. लक्षणांची अट मात्र १९१७ पर्यंत टिकली. त्या वर्षीच्या घटनादुरुस्तीने सर्व प्रौढ पुरुषांना मत दिले, आणि स्त्रियांना ते १९१९ मध्ये मिळाले.