सिमेंटचा पत्रा छपरावर कसा आला

पाटण-जावळीच्या पावसात उतरतं कौलारू छप्पर, तर जत-आटपाडीच्या कोरड्या मुलखात पांढऱ्या मातीचं माळवद, म्हणजे सपाट छप्पर. सातारा-सांगलीतली जुनी घरं पाऊसमानाप्रमाणं बांधलेली असायची. राबणं मात्र दोन्हीकडे होतं: तिकडे पावसाळ्याआधी घर शाकारायचं, इकडे माळवदावर माती टाकून ती चोपायची. त्यामुळं न गंजणारा, न जळणारा, वाळवी न लागणारा सिमेंटचा पत्रा बाजारात आल्यावर लोकांनी तो उचलला, यात नवल नाही.

हा माल तयार करायची पद्धत ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेकची, पेटंट १९०१चं. भारतात मध्य प्रदेशातल्या कैमोर इथं १९३४मध्ये उत्पादन सुरू झालं. पत्र्यात साधारण दहा टक्के ॲस्बेस्टॉस, म्हणजे तंतुमय खनिज, असतो. स्लॅबमध्ये सळीचं जे काम, तेच सिमेंटमध्ये या तंतूंचं. पत्रा धड आहे तोवर ते अडकून राहतात. ऊन-पावसानं वरचं सिमेंट झिजलं, पत्रा फुटला किंवा कापला, की ते हवेत सुटतात. ते फुप्फुसात गेल्यावर होणारा आजार अनेकदा वीस-तीस वर्षांनी दिसतो, म्हणून दोष कुणी पत्र्याला देत नाही.

अमेरिकेत हाच ॲस्बेस्टॉस घरातल्या छतावर होता. तिथं छताला दाणेदार थर फवारायची टूम होती. ॲस्बेस्टॉस असलेल्या अशा फवाऱ्यावर १९७८मध्ये बंदी आली. जुनं छत खरवडण्याआधी आता तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्यायला सांगतात. तो थर भुसभुशीत, आपला पत्रा टणक, एवढा फरक आपल्या बाजूचा आहे.

आपल्याकडे न्यायालयानं लक्ष दिलं ते ॲस्बेस्टॉसच्या कारखान्याकडे. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं ठेवायला आणि बाधितांना १ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सरसकट बंदीची मागणी २०११मध्ये फेटाळली गेली. पत्रे उतरवायला चढणाऱ्या गवंड्याच्या किंवा फॅब्रिकेशनवाल्या पोराच्या छातीची नोंद ठेवणार कोण? माझ्या मते खरी पोकळी इथंच आहे.

आता स्लॅब किंवा कलर पत्रा टाकायचा म्हणून जुने पत्रे निघताहेत. घाईत ग्राइंडर चालतो, नाहीतर हातोडा. त्याऐवजी पत्रा पाण्यानं भिजवावा, बोल्ट सोडवून अख्खा खाली घ्यावा. शेवाळ घासू नये, खाली पडलेला चुरा कोरड्या झाडूनं झाडू नये. तोंडाला बांधलेल्या रुमालानं हे तंतू अडत नाहीत, घट्ट बसणारा चांगला मास्कच लागतो. आणि जुन्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये; तो माणसासकट खाली येतो.

भंगारवाला हा पत्रा घेत नाही. मग तो परड्यात पडतो, कोंबड्यांच्या खुराड्यावर जातो किंवा ठेचून नव्या घराच्या जोत्यात भर म्हणून जातो. यातलं ठेचणं सर्वांत वाईट. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून तो अखंडच बाजूला ठेवावा आणि टाकायचा कुठं, हे पालिकेला किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारावं, तेही छप्पर उघडण्याच्या आधी.