हवा वाहू द्या, मग काटा वाचा

कॉम्प्रेसरच्या टाकीतला दाब एका जागी ठरत नाही. समजा 8 बारला (बार हे दाबाचं एकक) प्रेशर स्विच मोटर बंद करतो. हवा वापरली जाते तसा दाब उतरतो आणि 6 बारला मोटर पुन्हा सुरू होते. स्प्रे गनला मात्र हवा 3 बारचीच लागते. टाकीतले हे चढउतार गनपर्यंत पोहोचू न देण्याचं काम रेग्युलेटर करतो, आणि तेही विजेशिवाय. मला या यंत्राचं फार कौतुक वाटतं.

त्याच्या पोटात एक लवचीक पडदा असतो. पडद्यावर स्प्रिंग, खाली छोटा व्हॉल्व्ह. नॉब आवळला की स्प्रिंग पडद्याला खाली ढकलते आणि व्हॉल्व्ह उघडतो. पुढच्या बाजूला हवा साठली की ती पडद्याला खालून वर रेटते आणि व्हॉल्व्ह मिटत जातो. दोन्ही जोर सारखे झाले की दाब ठरतो. 4 सेंटिमीटर व्यासाच्या पडद्यावर 6 बार हवेचा जोर सुमारे 75 किलो वजनाएवढा भरतो! नॉब पुढेपुढे जड का होत जातो, ते यातून कळतं.

आता सेटिंग. बहुतेक जण गनचा ट्रिगर न दाबता रेग्युलेटरच्या गेजचा, म्हणजे दाबमापकाचा, काटा 3 वर आणतात आणि कामाला लागतात. ट्रिगर दाबताच काटा खाली येतो आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी पडतो. रेग्युलेटर बिघडलेला नसतो. हवा वाहायची तर व्हॉल्व्ह उघडा राहायला हवा, म्हणजे पडदा खाली सरकलेला आणि स्प्रिंग थोडी सैल झालेली. सैल स्प्रिंगचा जोर कमी, म्हणून दाबही कमी. त्यामुळे ट्रिगर दाबून, हवा वाहत असतानाच नॉब फिरवायचा. काटा पुढे गेला तर नॉब हव्या त्या आकड्याच्याही खाली उतरवून पुन्हा वर यायचं. आतल्या घर्षणामुळे वरून खाली येताना दाब नेमका ठरत नाही. त्याआधी एक गोष्ट पाहून घ्या: हवा पूर्ण सोडल्यावर गेजचा काटा शून्यावर येतो ना?

तपासणी सोपी आहे. ट्रिगर सोडला की काटा थोडा वर जाऊन थांबला पाहिजे. पाच-दहा मिनिटं नजर ठेवा. तो हळूहळू चढतच राहिला, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. कारण बहुधा टाकीतल्या पाण्याबरोबर आलेला गंजाचा कण, नाहीतर झिजलेली सीट, म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना जिथे टेकतो ती जागा. नॉबखालच्या बारीक भोकातून सतत फुसफुस येत असेल, तर पडदा फाटलेला असू शकतो. तिथे साबणाचं पाणी लावलं की फेस लगेच फुगतो. पण रेग्युलेटर उघडण्याआधी मोटरची वीज तोडा, टाकी रिकामी करा आणि टाकीवर व रेग्युलेटरवर असलेले दोन्ही गेज शून्यावर आल्याचं बघा. टाकीवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या सेटिंगला मात्र कधीही हात लावू नका. प्रेशर स्विच अडकून मोटर चालूच राहिली, तर टाकी फुटण्यापासून तोच वाचवतो.