ट्राममार्ग, जुन्या शहरातील

ट्राममार्ग, जुन्या शहरातील : रस्त्याच्या पृष्ठभागाशी समतल बसवलेल्या रुळांवरून, इतर रहदारीच्या सोबतीने धावणाऱ्या विजेच्या गाडीचा मार्ग जुन्या वस्तीच्या गाभ्यातून बांधून काढण्याची पद्धत. वेशी, अरुंद पेठा, शे-दोनशे वर्षांची घरे आणि रोजचा बाजार असलेल्या भागात रूळ टाकणे हे त्यातल्या त्यात सोपे काम. वेळ आणि पैसा जातो तो रस्त्याखाली काय दडले आहे हे शोधण्यात आणि रस्त्यावर पहिला हक्क कोणाचा हे ठरवण्यात. मराठवाड्यातील एकाही शहरात आजवर ट्राम धावलेली नाही. तरीही या कामातले बहुतेक पेच छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) जुन्या शहरात एकत्र सापडतात. म्हणून या नोंदीत ते शहर उदाहरणादाखल घेतले आहे.

पूर्वपीठिका : भारतात पहिली ट्राम १८७३ मध्ये कोलकात्यात धावली. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, ७ मे १९०७ रोजी विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर या मार्गावर शेवटची गाडी धावली. नाशिकमध्येही मेन रोड ते नाशिकरोड स्थानक अशी घोड्यांची ट्राम होती. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मनमाड–सिकंदराबाद या मीटरगेज मार्गामुळे १९०० च्या सुमारास औरंगाबादला रेल्वे आली, पण स्थानक तटाबाहेर दूर राहिले आणि तिथून शहरात यायला टांगा होता. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची गाडी पोहोचली. हलके रूळ या मुलखाला नवखे नाहीत, ते बाजारपेठेच्या आत कधी शिरले नाहीत इतकेच.

युरोपातही दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक शहरांनी ट्राम उखडून टाकल्या. त्या परत आल्या त्या फ्रान्समधून : नांत (१९८५), ग्रनोबल (१९८७) आणि स्ट्रासबर्ग (१९९४). स्ट्रासबर्गमध्ये १९८९ ची महापालिका निवडणूक भुयारी मेट्रो की ट्राम याच प्रश्नावर लढवली गेली आणि ट्रामचा आग्रह धरणाऱ्या कातरीन त्रोतमान महापौर झाल्या. ट्राम धावू लागण्याच्या दोन वर्षे आधी, १९९२ मध्ये, त्यांनी जुन्या शहरातून आरपार जाणाऱ्या मोटारी बंद केल्या. तिथल्या यशाचे श्रेय बहुतेकदा देखण्या गाड्यांना दिले जाते. खरे तर ते या निर्णयाला द्यायला हवे. तटबंदी, बाजार आणि मशिदींच्या दृष्टीने संभाजीनगरला जवळचे उदाहरण इस्तंबूलचे. तिथे १९९२ पासून जुन्या शहरातून, सुलतानअहमत मशिदीच्या शेजारून आधुनिक ट्राम धावते.

शहराची घडण : मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे वसवलेल्या या शहराभोवती औरंगजेबाच्या काळात, १६८२ च्या सुमारास, तट उभा राहिला. ‘बावन्न दरवाजांचे शहर’ ही ओळख लोकांच्या तोंडी आहे. त्यांतले दिल्ली, जालना, पैठण आणि मकाई हे चार मुख्य. तटाच्याही आधीचा, १६१२ चा भडकल दरवाजा मलिक अंबरचा. पैठण गेटमधून टिळक पथाने गुलमंडी, तिथून सिटी चौक, सराफा आणि शहागंज असा बाजाराचा कणा आहे. ट्रामचा विचार करणारा कोणीही पहिली रेघ याच कण्यावरून ओढेल, कारण माणसे तिथेच जातात. आणि याच रेघेवर सगळ्यात जास्त अडचणी आहेत.

रस्त्याखाली : ट्रामचा रूळ काँक्रीटच्या पट्टीत बसवलेला असतो. त्यासाठी साधारण अर्धा ते पाऊण मीटर खोदावे लागते. पण खरी अट वेगळी आहे. पट्टीखालून जाणारी जलवाहिनी फुटली तर गाडी थांबवून रूळ उखडावा लागेल. म्हणून पाणी, सांडपाणी, वीज, दूरध्वनी यांचे सगळे जाळे रूळ पडण्याआधी बाजूला सरकवायचे असते. इथे नकाशे हमखास दगा देतात. स्कॉटलंडमधल्या एडिंबरामध्ये हे काम २००७ मध्ये सुरू झाले आणि अंदाजापेक्षा कितीतरी अधिक नळ-तारा निघाल्या. लीथ भागातल्या चर्चसमोरच्या रस्त्याखाली तर मध्ययुगीन दफनभूमीच लागली. त्यात ठेकेदाराशी वाद झाले. सुरुवातीचा ३७.५ कोटी पौंडांचा अंदाज ७७.६ कोटींवर गेला, २०११ ला धावायची गाडी मे २०१४ मध्ये धावली, तीही ठरल्यापेक्षा आखूड मार्गावर. लीथकडचा राहिलेला तुकडा २०२३ मध्ये पूर्ण झाला.

संभाजीनगरच्या रस्त्याखाली सर्वांत जुनी वस्ती नहरींची, म्हणजे शहरात पाणी आणणाऱ्या जुन्या जलमार्गांची आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधवलेली नहर-ए-अंबरी उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याचे भूजल निव्वळ उताराच्या बळावर शहरात आणत असे. वाटेत ठरावीक अंतरावर हवा आणि साफसफाईसाठी विवरे, पुढे खापराचे नळ आणि पाण्याचा दाब सांभाळणारे चुन्यातले मनोरे, अशी तिची रचना. नंतरच्या काळात आणखी नहरी झाल्या. हर्सूलकडून पाणचक्कीला येणारी नहर त्यांतलीच. यांतले काही भाग आजही वाहते आहेत, काहींवर घरे आणि रस्ते आले आहेत. खापराच्या नळावर चाळीस टनांची गाडी दर दहा मिनिटांनी जाऊ देणे म्हणजे तो फुटेपर्यंत वाट पाहणे. म्हणून अशा ठिकाणी आधी जमिनीत रडार-लहरी सोडून पाहणी, मग जेसीबी बाजूला ठेवून कुदळ-फावड्याने घेतलेले चाचणी खड्डे, आणि नहर लागली तर तिच्यावरून दोन्ही बाजूंना टेकणारी स्लॅब किंवा सरळ मार्गबदल, हा क्रम पाळावा लागतो. नहर बुजवून वर काँक्रीट ओतणे स्वस्त पडते. तो मार्ग या नोंदीत पर्याय म्हणून धरलेला नाही.

नहरीच्या शेजारी आजचे नळ आहेत. शहराला पाणी येते पैठणच्या जायकवाडी धरणातून, आणि घरोघरी ते रोज येत नाही, काही दिवसांआड येते. पाण्याच्या दिवशी गल्लीत पाणी खेचणाऱ्या मोटारी लागतात, ड्रम-हंडे बाहेर येतात, पायऱ्यांवरून पाइप पसरतात. कोणता व्हॉल्व्ह कुठल्या फरशीखाली आहे, किती फेरे फिरवल्यावर वरच्या आळीला पाणी चढते, हे नकाशापेक्षा पाणी सोडणाऱ्या लाइनमनला अधिक ठाऊक असते. युरोपातल्या शहरात जलवाहिनी हलवताना चार तास पाणी बंद ठेवतात. इथे एक पाळी हुकली तर पुढची कित्येक दिवसांनी. त्यामुळे नवी वाहिनी पूर्ण टाकून, तपासून, मगच जुनी तोडायची, आणि लाइनमनला पाहणीच्या पहिल्या दिवसापासून सोबत ठेवायचे, हे इथले किमान शहाणपण ठरते.

विजेच्या ट्राममध्ये परतीचा प्रवाह रुळांतून जातो. रूळ नीट विलग केलेले नसतील तर तो जमिनीत गळतो आणि शेजारचे लोखंडी नळ पोखरतो. म्हणून रुळाला रबराचे वेष्टण घालतात. त्याने कंपही कमी होतात. जुन्या शहरात दोन्हींची गरज आहे, कारण चुन्या-मातीच्या भिंतींची आणि माळवदाची घरे अजून तग धरून आहेत. अगदी नाजूक वास्तूजवळ संपूर्ण पट्टीच रबरी थरावर तरंगती ठेवतात. जमिनीचा प्रश्न संभाजीनगरात तुलनेने हलका आहे, मुरूम आणि काळा पाषाण लवकर लागतो. नांदेड-परभणीकडच्या काळ्या मातीत मात्र पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन काढून मुरमाचा भराव केल्याशिवाय रूळ सरळ राहणार नाही.

रुंदी आणि दरवाजे : आधुनिक ट्राम २.४ ते २.६५ मी. रुंद आणि ३० ते ४५ मी. लांब असते. दुहेरी मार्गाला ६ ते ७ मी. जागा लागते, थांब्याची निराळी. वळण साधारण २५ मी. त्रिज्येपेक्षा आवळून घेता येत नाही, आणि वळताना गाडीचे मधले अंग आतल्या कोपऱ्याकडे झुकते. त्यामुळे कोपऱ्यावरचा ओटा किंवा पानटपरी मोजणीत आधी येते. जागा अपुरी असेल तर एक दिशा एका गल्लीतून व दुसरी समांतर गल्लीतून नेतात, किंवा थोड्या अंतरापुरता एकेरी मार्ग ठेवतात. अॅमस्टरडॅमच्या लाइडसेस्ट्राट या अरुंद रस्त्यावर दोन्ही दिशांचे रूळ एकमेकांत गुंफून एकाच गाडीच्या रुंदीत बसवले आहेत; समोरची गाडी निघून जाईपर्यंत दुसरी थांबते.

दरवाजांपाशी उत्तर बहुधा आधीच तयार असते. पैठण गेट, रोशन गेट यांच्या दोन्ही अंगांनी रस्ते काढले गेले आहेत आणि दरवाजा बेटासारखा मध्ये उभा आहे. ट्रामलाही कमानीतून न जाता बाजूने जाता येईल. मकाई दरवाजाचे तसे नाही. त्याला जोडूनच खाम नदीवरचा जुना पूल आहे, आणि त्या पुलावरून रूळ नेण्याचा विचार न केलेलाच बरा. रुंदीकरण हा उपाय शहराने अनुभवलेला आहे. २०११ च्या सुमारास महापालिकेने जुन्या भागात मोठी मोहीम काढली आणि घरांचे दर्शनी भाग पाडले. ट्रामचे गणित उलटे आहे : रस्ता वाढवण्याऐवजी मोटारी कमी करून असलेल्या रुंदीत काम भागवायचे. स्ट्रासबर्गचा धडा तोच, आणि दुचाकीच्या शहरात तो गळी उतरवणे सर्वांत अवघड. त्यातच रुळाची सुमारे ४ सेंमी. रुंद खाच सायकलचे चाक गिळते आणि ओल्या रुळावर स्कूटर घसरते. रूळ शक्यतो काटकोनात ओलांडता येतील अशी आखणी लागते.

तारा आणि मिरवणुका : गाडीला वीज वरच्या तारेतून मिळते. युरोपात ही तार इमारतींच्या दगडी भिंतींना खुंटी ठोकून ताणतात. चुन्यात बांधलेली जुनी वीटकामाची भिंत तो ताण पेलेलच असे नाही, मग खांब आले, आणि खांबांनी उरलेली रुंदी खाल्ली. तारेवाचून चालणारे प्रकारही आहेत. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये २००३ पासून जुन्या भागात दोन रुळांच्या मधल्या पट्टीतून वीज घेतात; पट्टीचा फक्त गाडीखाली आलेला तुकडा चालू होतो. सुरुवातीच्या काळात पाणी साचले की ही यंत्रणा रुसत असे, हे खामकाठच्या लोकांनी लक्षात ठेवण्याजोगे. नीसमध्ये (२००७) दोन मोठे चौक गाडी बॅटरीवर ओलांडते.

सर्वांत बोलके उदाहरण स्पेनमधल्या सेव्हिलचे. तिथली ट्राम २००७ मध्ये कॅथेड्रलच्या बाजूने सुरू झाली. पण पवित्र सप्ताहातील उंच मूर्तींच्या मिरवणुका त्याच रस्त्याने जातात, म्हणून दरवर्षी तारा उतरवाव्या लागत. अखेर थांब्यावर काही सेकंदांत भारित होणारी विजेची साठवण गाडीत बसवली आणि त्या टप्प्यातील तारा कायमच्या काढल्या. संभाजीनगरात राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून निघणारी विसर्जन मिरवणूक सिटी चौक, गुलमंडीवरून औरंगपुऱ्याकडे जाते. मोहरमचे ताजिये, आंबेडकर जयंतीचे देखावे आहेतच. या वाटेवर साडेपाच-सहा मीटर उंचीची विजेची तार टाकण्याचा प्रस्ताव कोणत्याही नगरसेवकाने वाचून पुढे पाठवला नसता.

बाजार : काम चालू असताना दुकानासमोर पत्रे लागतात आणि गिऱ्हाईक तुटते. फ्रान्समधल्या शहरांनी यासाठी भरपाई समित्या नेमल्या. दुकानदाराने आधीच्या वर्षांचे हिशेब दाखवायचे आणि घट सिद्ध करायची. ही रीत गुलमंडीत जशीच्या तशी लागू पडणार नाही. अनेक गाळे पगडीचे आहेत, पोटभाडेकरू आहेत, ओट्यावर बसणारा वेगळाच आहे, आणि हातगाडीवाल्याकडे हिशेबाची वही नसते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याला हटवण्यापूर्वी सर्वेक्षण आणि पर्यायी जागा बंधनकारक केली आहे, त्यामुळे त्याची गणती सुरुवातीलाच करावी लागते. काम छोट्या टप्प्यांत, एका वेळी दोन चौकांमधला भाग, आणि दिवाळी-लग्नसराई-रमजान वगळून, असे आखले तर नुकसान आटोक्यात राहते. मात्र त्या तिन्हींना वगळल्यावर वर्षात सलग महिने फारसे उरत नाहीत. शिवाय जुन्या मोंढ्यात माल उतरवणारे छोटा हत्ती (लहान मालवाहू टेम्पो) आणि हमालांच्या हातगाड्या दिवसभर येतात. ट्राम असलेल्या बाजारात मालवाहतूक सकाळच्या ठरावीक तासांत उरकतात. इथे ते बदलायचे तर आधी हमाल आणि आडत्यांशी बोलणी, नंतर निविदा.

सद्यःस्थिती : केंद्र सरकारने कमी खर्चाच्या शहरी रेल्वेसाठी २०१९ मध्ये मेट्रोलाइटची मानके काढली आणि पुढे रबरी टायरवर चालणाऱ्या मेट्रो निओची. संभाजीनगरसाठी वाळूज ते शेंद्रा या औद्योगिक पट्ट्याला जोडणारा मेट्रो निओचा आराखडा महामेट्रोकडून तयार करून घेण्यात आला. त्याचा मुख्य मार्ग जालना रस्त्याचा. खांबांवरून जाणाऱ्या उन्नत मार्गाला दुकानांची भरपाई कमी लागते, पण खांबांचे पाये नहरी आणि नळांच्या त्याच गर्दीत उतरतात आणि प्रवाशाला जिने चढावे लागतात. जानेवारी २०१९ पासून स्मार्ट सिटी बस शहरात धावते आहे. तटाच्या आतल्या पेठांची मदार मुख्यतः शेअरिंग रिक्षांवर आहे.