फ्रॅझेटा, फ्रँक

(९ फेब्रुवारी १९२८ – १० मे २०१०). अमेरिकन कॉमिक्स-चित्रकार व मुखपृष्ठकार. जन्म न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा. आठव्या वर्षी मिकेले फालांगा या इटालियन चित्रकाराच्या कलाशाळेत तो दाखल झाला. सोळाव्या वर्षापासून कॉमिक्सची कामे करू लागला. स्वतःच्या नावावरची कॉमिक्स त्याने थोडीच काढली. १९५० च्या दशकाचा मोठा भाग अल कॅप यांच्या ‘लिल ॲब्नर’ या चित्रमालिकेत मदतनीस म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या शैलीत रेखाटने करण्यात गेला.

नशीब फिरले ते एका विडंबनामुळे. १९६४ मध्ये ‘मॅड’ या विनोदी मासिकाच्या मलपृष्ठावर त्याने बीटल्स या बँडमधील रिंगो स्टारचे व्यंगचित्र काढले. ते पाहून चित्रपटाच्या पोस्टरचे काम आले, आणि एका दुपारच्या मेहनतीत वर्षभराची कमाई हाती पडली.

त्याची खरी कीर्ती मात्र स्वस्त पेपरबॅकच्या मुखपृष्ठांवर उभी आहे. ‘कॉनन द ॲडव्हेंचरर’ (१९६६) या कथासंग्रहावरील तैलचित्रात रणांगणातल्या ढिगाऱ्यावर तलवार टेकून उभा असलेला कथानायक कॉनन हा रानदांडगा योद्धा दिसतो. आकृतींची रचना त्रिकोणी. नजर खिळावी तेवढाच भाग बारकाईने रंगवलेला, बाकी सारे धुळीत विरत जाणारे. पुढच्या अनेक चित्रकारांनी, चित्रपटवाल्यांनी कॉनन असाच पाहिला. गंमत म्हणजे या कथा आपण वाचल्या नव्हत्या, असे फ्रॅझेटा स्वतःच सांगे. ‘क्रीपी’, ‘ईरी’, ‘व्हँपिरेला’ या भयकथा-कॉमिक्सच्या मासिकांची मुखपृष्ठेही त्याने रंगवली. शिंगांचे शिरस्त्राण घातलेला घोडेस्वार ‘डेथ डीलर’ (१९७३) पुढे मॉली हॅचेट या रॉक बँडच्या पहिल्या अल्बमवर झळकला.

मूळ चित्र प्रकाशकाने ठेवून घ्यावे, ही त्या धंद्यातली जुनी रीत. फ्रॅझेटा मूळ चित्रे परत मागू लागला, आणि पत्नी एली हिने ती नेटाने सांभाळली. पुढे पक्षाघाताच्या झटक्यांनी उजवा हात निकामी झाला, तेव्हा तो डाव्या हाताने रंगवायला शिकला.

‘ईरी’साठी १९६९ मध्ये केलेली ‘इजिप्शियन क्वीन’ २०१९ च्या लिलावात ५४ लाख डॉलरना गेली. मासिकावर छापलेला राणीचा चेहरा मात्र त्या चित्रात नाही. चित्र घरी परतल्यावर फ्रॅझेटाने तो पुन्हा रंगवला होता.