लोकसभेत याचिका: सोलापूरचे अर्ज अडतात कुठे?

सोलापुरातल्या विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतून तीन बायका माझ्याकडे फाइल घेऊन आल्या होत्या. त्रेचाळीस पानं. पहिल्या पानावर ‘प्रति, मा. जिल्हाधिकारी साहेब’, मग आधार, रेशनकार्ड, पीएफचे कागद, नोटरीचा शिक्का मारलेलं प्रतिज्ञापत्र आणि अगदी शेवटी बारीक अक्षरात ‘प्रत माहितीस्तव: मा. अध्यक्ष, लोकसभा, नवी दिल्ली’. मागणी रास्त होती. ईपीएस-९५, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या कर्मचारी पेन्शन योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये हजार रुपये झाली आणि तिथंच थांबली. “दीड वर्ष झालं, दिल्लीचं उत्तरच नाही,” त्यातली थोरली म्हणाली.

उत्तर येणारच नव्हतं. दुसऱ्या अधिकाऱ्याच्या नावानं लिहिलेल्या पत्राची नुसती प्रत लोकसभेला धाडली, तर ती विचारात घेतली जात नाही. त्या प्रतीवर लोकसभेकडे वेगळी, स्पष्ट विनंती केलेली असावी लागते. आपल्याकडे निवेदन म्हटलं की खाली पाच-सहा ‘प्रत रवाना’ लिहायची सवय. कलेक्टर कचेरीत ती चालते, दिल्लीत तीच नडते.

आधी एक उलगडा. आपला विषय संसदेत जायच्या वाटा वेगवेगळ्या आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. खासदार प्रश्न विचारतात, शून्य प्रहरात बोलतात, नियम ३७७ खाली मजकूर मांडतात, विधेयकावरच्या चर्चेत भाग घेतात. हे सगळं खासदारांचं काम, त्यासाठी तुमचा कुठलाही अर्ज नसतो. तुम्ही फक्त त्यांना मुद्दा द्यायचा. याचिका मात्र तुमची. तुमच्या सहीनं ती सभागृहासमोर जाते आणि पुढे याचिका समितीकडे. ही समिती पंधरा सदस्यांची, अध्यक्षांनी नेमलेली, तिच्यात मंत्री नसतात. १९२४ पासून कुठल्या ना कुठल्या रूपात ती चालू आहे, तरी सोलापुरात दहा जणांना विचारलं तर नऊ जणांनी तिचं नाव ऐकलेलं नसतं.

पात्रता सोपी आहे. एक माणूसही याचिका करू शकतो, सह्यांची मोहीम लागत नाही. अडतं ते विषयावर. याचिका तीनच गोष्टींवर चालते: लोकसभेत आलेलं किंवा प्रसिद्ध झालेलं विधेयक, सभागृहापुढे प्रलंबित असलेलं काम, किंवा सार्वजनिक हिताचा प्रश्न. या तिसऱ्यालाच कुंपण आहे. कोर्टात चालू असलेली बाब नको, राज्याच्या विधिमंडळात मांडायची बाब नको, ज्यावर कायद्यात दाद मागायची सोय आधीच आहे तीही नको.

म्हणजे नळाला चार दिवसांआड पाणी, उजनीची जलवाहिनी, पोलिस ठाणं, एसटीची फेरी यातलं काहीही इथं बसत नाही. ते मुंबईला, विधानसभेच्या विनंती अर्ज समितीकडे, किंवा आमदारांना गाठून लक्षवेधीत. रेल्वे, विमानसेवा, राष्ट्रीय महामार्ग, पीएफ आणि पेन्शन, चादरीवरचा जीएसटी, हातमागासाठी राखीव वाणांचा १९८५ चा कायदा हे दिल्लीचे विषय. ‘माझी पेन्शन सहा महिने थकली’ ही वैयक्तिक तक्रार झाली, तिची जागा पीएफ कार्यालयात. ‘किमान पेन्शनच वाढवा’ हा धोरणाचा मुद्दा, तो याचिकेत बसतो. माझ्या अनुभवात निम्मे अर्ज या एका फरकावर मरतात.

आता कागदपत्रं. लोक विचारतात, “काय काय जोडू?” उत्तर ऐकून त्यांचा विश्वास बसत नाही: काहीच नाही. याचिकेला पत्रं, प्रतिज्ञापत्रं किंवा इतर कागद जोडायचे नाहीत, असा नियमच आहे. स्टॅम्पपेपरचे पाचशे आणि नोटरीचे वेगळे, हे पैसे फुकट गेले. त्या बायकांच्या फाइलमधली चाळीस पानं मी बाजूला काढली, तेव्हा थोरलीचा चेहरा पडला. झेरॉक्सला तिनं दोन दिवसांच्या विड्यांची मजुरी घातली होती.

मग लागतं काय? लोकसभेच्या नियमांत दिलेला नमुना, त्यात थोडक्यात मांडलेला विषय, शेवटी प्रार्थना, आणि प्रत्येक अर्जदाराचं पूर्ण नाव, पत्ता, सही. लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो. नाव-पत्ता दुसऱ्यानं लिहिला तरी बिघडत नाही, पण अंगठा ज्याचा त्याचाच. पत्ता ‘अशोक चौकाजवळ’ एवढाच नको. घर नंबर, पेठ, पिनकोड लिहा. निनावी, अर्धवट पत्त्याची किंवा न वाचता येणारी पत्रं सरळ बाद होतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो प्रार्थनेच्या वाक्यात. इथं प्रार्थना म्हणजे मागणी, एका वाक्यात, सभागृहाला उद्देशून. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती’ ही मागणी नव्हे. काय करावं ते लिहा: अमुक योजनेतली किमान पेन्शन इतकी करावी, अमुक कलमात असा बदल करावा. आणि भाषा आदबीची ठेवा. ‘झोपलेल्या सरकारला जाग आणण्यासाठी’, ‘अन्यथा पूनम गेटसमोर आमरण उपोषण’ ही वाक्यं उपोषणाच्या निवेदनात शोभतात. सोलापूरच्या पूर्वभागातल्या एका मंडळाचा अर्ज मी तपासला, तर पहिल्या सात ओळींत सहा इशारे आणि मागणी कुठेच नाही.

कुणाकडेच नसतो असा कागद म्हणजे भाषांतर. याचिका हिंदीत किंवा इंग्रजीत हवी. दुसऱ्या भारतीय भाषेत केली तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर द्यायचं आणि त्यावरही अर्जदाराची सही हवी. आपल्या पूर्वभागात बोलणं तेलुगूत, लिहिणं मराठीत आणि अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, त्यामुळे मूळ मराठी कागदावर शंभर सह्या असतात आणि भाषांतर कोरं राहतं. माझा सल्ला, सरळ हिंदीतच लिहा, सह्या करण्याआधी सगळ्यांना वाचून दाखवा आणि सह्यांच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर प्रार्थनेचं वाक्य पुन्हा छापा. हे शेवटचं तर नियमातच आहे, पानं सुटी झाली की कुणी कशावर सही केली तेच कळत नाही.

आता खासदारांची सही. याचिका खासदारांनी सभागृहात सादर करायची असेल तर त्यांची प्रतिस्वाक्षरी याचिकेवरच लागते. लेटरहेडवरचं शिफारसपत्र म्हणजे प्रतिस्वाक्षरी नव्हे. लोक ते पत्र लॅमिनेट करून फिरतात, वाईट वाटतं. खासदार मिळाले नाहीत तरी वाट बंद होत नाही. महासचिव, लोकसभा, नवी दिल्ली ११०००१ यांच्याकडे थेट पाठवता येते आणि ते तशी माहिती सभागृहाला देतात. कुठल्याही वाटेनं गेली तरी सादर होताना तिच्यावर चर्चा होत नाही, तेव्हा त्या दिवशी टीव्हीसमोर बसून निराश होऊ नका.

आणि खासदार कोणते, हेही बघा. जिल्हा एक असला तरी लोकसभेचे मतदारसंघ तीन. सोलापूर शहर, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ, पंढरपूर-मंगळवेढा हे सोलापूर मतदारसंघात. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस हे माढ्यात. बार्शी धाराशिवमध्ये. बार्शीचे लोक सोलापुरात सात रस्त्याला येऊन चौकशी करतात आणि हात हलवत परत जातात.

मुदतीबद्दल दोन गोष्टी. याचिका विधेयकावर असेल तर विधेयक मंजूर व्हायच्या आधी पोचली पाहिजे. स्थायी समिती एखाद्या विधेयकावर सूचना मागवते तेव्हा बहुधा पंधरा दिवस देते आणि ते जाहिरात आल्यापासून मोजायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्यापर्यंत फिरत आलं तो दिवस धरू नका, तोवर आठ-दहा दिवस गेलेले असतात. दुसरं, खासदारांना प्रश्न सुचवायचा असेल तर अधिवेशन सुरू झाल्यावर पळू नका. प्रश्नाची सूचना किमान पंधरा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि हिवाळी अधिवेशन साधारण तीन आठवड्यांत आटोपतं. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत, एकाच विषयाचा. रोज तोंडी उत्तरासाठी वीस प्रश्न, तेही चिठ्ठ्या टाकून. नशीब लागतं.

अर्ज लिहायच्या आधी एक काम जरूर करा, बहुतेक जण ते करतच नाहीत. संसदेच्या संकेतस्थळावर आपल्या खासदारांचं नाव टाका. त्यांनी विचारलेले प्रश्न, मंत्र्यांची लेखी उत्तरं, चर्चेतली भाषणं तारखेसकट मिळतात, आधीच्या खासदारांचीही. भाषण मराठीतलं असू शकतं, तशी मुभा सदस्यांना आहे. तुमच्या विषयावर मंत्र्यांचं उत्तर आलेलं असेल तर त्याची तारीख आणि प्रश्न क्रमांक याचिकेत लिहा. उत्तराची प्रिंट जोडायची नाही, वर सांगितलंच आहे.

त्या बायकांचा अर्ज शेवटी दोन पानांचा झाला. एक मजकुराचं, एक सह्यांचं. अकरा नावं, त्यात सात अंगठे. पॅडवरची शाई जास्त लागली आणि दोन अंगठ्यांचे नुसते काळे ठिपके उठले, म्हणून दुसरं पान पुन्हा करावं लागलं. स्पीड पोस्टची पावती थोरलीनं ब्लाउजमधल्या बटव्यात ठेवली. मी तिला दोन्ही पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवायला लावले, कारण मूळ कागद परत येत नाहीत.