बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या निवासी सेवांची तपासणी (इंग्लंड)

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्ती ज्या काळजीगृहांत किंवा विशेष रुग्णालयांत राहतात, तिथे त्यांना मिळणारी वागणूक सुरक्षित आणि माणसाला साजेशी आहे का, हे स्वतंत्र यंत्रणेने जागेवर जाऊन पडताळण्याची पद्धत. इंग्लंडमध्ये हे काम केअर क्वालिटी कमिशन (सीक्यूसी) हा आयोग करतो. 2008 च्या हेल्थ अँड सोशल केअर कायद्याने तो स्थापन झाला आणि 1 एप्रिल 2009 पासून आधीच्या तीन नियामक संस्थांची कामे त्याच्याकडे आली. मुलांच्या निवासगृहांची तपासणी ऑफस्टेड करते. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या यंत्रणा वेगळ्या आहेत.

या तपासणीचा इतिहास बव्हंशी चव्हाट्यावर आलेल्या प्रकरणांचा इतिहास आहे. वेल्समधील कार्डिफच्या इली रुग्णालयातले हाल 1967 मध्ये वृत्तपत्रातून बाहेर आले. जेफ्री हाऊ यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा अहवाल 1969 मध्ये प्रसिद्ध झाला आणि रुग्णालयांना भेटी देणारी सल्लागार यंत्रणा उभी राहिली. पुढच्या काही दशकांत मोठी रुग्णालये बंद होत गेली आणि तिथली माणसे लहान घरांत राहायला गेली. बदल चांगलाच होता, पण तपासनिसाला ठोठवायची दारे त्यामुळे कैक पटींनी वाढली.

आजच्या पद्धतीवर सर्वांत खोल ठसा विंटरबोर्न व्ह्यू प्रकरणाचा आहे. ब्रिस्टलजवळच्या या 24 खाटांच्या खासगी रुग्णालयात कर्मचारी रुग्णांना मारहाण करत, त्यांचा छळ करत. बीबीसीच्या 'पॅनोरामा' कार्यक्रमाने 31 मे 2011 रोजी त्याचे छुपे चित्रीकरण दाखवले. एका रुग्णामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड आकारले जात होते, तेव्हा पैशांअभावी हे घडले असे म्हणायला जागा नव्हती. तिथल्या एका वरिष्ठ परिचारकाने आधीच सीक्यूसीला कळवले होते. आयोगाने वेळेवर हालचाल केली नाही. पुढे 11 कर्मचारी दोषी ठरले, त्यांपैकी सहा जणांना ऑक्टोबर 2012 मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. दरम्यान आयोगाने अशा सुमारे दीडशे सेवांची पूर्वसूचना न देता तपासणी केली, तेव्हा जवळपास निम्म्या ठिकाणी काळजी आणि सुरक्षेचे निकष पाळले जात नव्हते.

या मोहिमेत पथकांबरोबर 'अनुभवी तज्ज्ञ' होते: स्वतः बौद्धिक अक्षमतेसह जगणाऱ्या व्यक्ती किंवा त्यांचे कुटुंबीय. ही प्रथा पुढेही चालू आहे आणि ती शोभेची नाही. एखाद्या घरात पाऊल टाकताच इथे आपण राहू शकू का, हे अशी व्यक्ती तपासनिसापेक्षा लवकर सांगू शकते.

खरी अडचण अशी की, ज्यांच्यासाठी तपासणी करायची त्यांच्यातल्या अनेकांना बोलून तक्रार करता येत नाही. काही जण खुणांनी, चित्रांनी संवाद साधतात. काही जण फक्त अंग चोरून. म्हणून ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या मदतीने 'सोफी' ही निरीक्षणपद्धत तयार झाली. तपासनीस बैठकीच्या खोलीत एका बाजूला गुपचूप बसतो आणि निवडलेल्या व्यक्तींची मनःस्थिती, त्या कशात गुंतल्या आहेत, कर्मचारी त्यांच्याशी कसे वागतात, हे ठरावीक अंतराने टिपत जातो. घास भरवताना तोंडाकडे पाहिले जाते की टीव्हीकडे? माणूस समोर असताना त्याच्याविषयी त्याच्या डोक्यावरून बोलले जाते का? अशा तपशिलांतून जे कळते ते फायलीतून कळत नाही.

फायलीही वाचाव्या लागतातच, फक्त संशयाने. आठवडाभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने, एका बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या तर विचारावे लागते. आंघोळ-दात झाल्याची नोंद आहे आणि न्हाणीघरातला ब्रश ठणठणीत कोरडा आहे, तर कोणावर विश्वास ठेवायचा हे उघड आहे. 'गरज पडल्यास' म्हणून लिहून दिलेली शामक औषधे किती वेळा आणि कोणाच्या पाळीत दिली गेली, हे औषधतक्त्यावरून तपासले जाते. अनावश्यक मनोविकार-औषधे कमी करण्यासाठी 2016 पासून 'स्टॉम्प' ही राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे.

स्वयंपाकघराला कुलूप का, फाटक कोण उघडते, हे प्रश्न कायद्याचे आहेत. मानसिक क्षमतेविषयीच्या 2005 च्या कायद्यानुसार, स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या व्यक्तीवर घातलेले बंधन तिच्या हिताचे आणि शक्य तितके कमी असावे लागते. सतत देखरेख असेल आणि बाहेर निघून जाण्याची मुभा नसेल तर ते स्वातंत्र्य हिरावणेच होय, मग जागा कितीही सुखसोयींची असो, असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2014 मध्ये दिला. त्यासाठी रीतसर परवानगी लागते.

निष्कर्ष चार श्रेणींत दिला जातो: उत्कृष्ट, चांगली, सुधारणा हवी, अपुरी. श्रेणी दर्शनी भागात लावणे सेवेवर बंधनकारक आहे. दोष गंभीर असल्यास इशारा, अटी, नोंदणी रद्द करणे किंवा खटला असे उपाय आयोगाच्या हाती असतात.

श्रेणी म्हणजे हमी नव्हे, हे 2019 मध्ये डरहॅम परगण्यातील व्हॉर्लटन हॉलने दाखवून दिले. आयोगाने 'चांगली' ठरवलेल्या या रुग्णालयात पुन्हा 'पॅनोरामा'च्याच कॅमेऱ्याने छळ टिपला. त्यानंतर 'बंदिस्त संस्कृती' ओळखण्यावर भर आला: घरापासून दूर ठेवलेली माणसे, नातलगांच्या तुरळक भेटी, सतत बदलणारे कर्मचारी, दुबळे व्यवस्थापन. यांपैकी काही लक्षणे एकत्र दिसली की कागद कितीही चोख असले तरी धोका मानायचा. संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री अचानक गेल्याखेरीज अशा ठिकाणचे खरे रूप सहसा दिसत नाही.

त्यासाठी माणसे आणि वेळ लागतो, आणि नेमकी तिथेच यंत्रणा थकली. सरकारने पेनी डॅश यांच्याकडून करवून घेतलेल्या 2024 च्या परीक्षणानुसार आयोगाच्या सर्व प्रकारच्या तपासण्या 2019 मध्ये जवळपास 16,000 होत्या, त्या 2023 मध्ये 7,000 च्या आसपास आल्या. अखत्यारीतील पाचपैकी साधारण एका सेवेला तोवर कोणतीच श्रेणी मिळालेली नव्हती.