मद्यमुक्तीच्या मीटिंग (बेळगाव सीमाभाग)

दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांनी ठरलेल्या वारी एकत्र बसून आपापली कहाणी सांगावी, दुसऱ्याची ऐकावी, ही स्वमदतीची पद्धत. तिची सर्वांत पसरलेली परंपरा अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे ए.ए.ची. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी एक शेअर बाजारातला माणूस आणि एक शल्यविशारद, दोघेही पट्टीचे पिणारे, एकमेकांशी बोलून बोलून दारूपासून लांब राहू लागले, तिथे तिचा उगम. भारतात ती १९५७ साली दिल्लीत सुरू झाली.

सभासद होण्याची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, अर्ज नाही. चहापाण्याचा आणि जागेचा खर्च सभासद आपापसांत काढतात. बाहेरची देणगी घेत नाहीत. मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. सुरुवातीला प्रास्ताविक वाचले जाते, मग एकेक जण ‘शेअरिंग’ करतो. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. नवागताने नुसते बसून ऐकले तरी चालते. ‘क्लोज्ड’ मीटिंगला फक्त पिण्याची समस्या असलेलेच येतात. ‘ओपन’ मीटिंगला बायको, भाऊ, मित्र कोणीही बसू शकतो. पहिल्या खेपेला ओपन मीटिंग गाठलेली बरी, कारण एकट्याने दार ढकलण्याचा धीर बहुतेकांना होत नाही.

सीमाभागात खरी अडचण सुरू होते ती मीटिंग निवडताना. खानापूर तालुक्यातल्या वाडीत किंवा निपाणीच्या गल्लीत कोण कुठे जातो हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. नाव गुप्त राखण्याचा नियम खोलीच्या आत पाळला जातो, पण दारासमोर चप्पल ओळखणारे शेजारी असतात. त्यामुळे लांबच्या गावची मीटिंग सोयीची वाटते. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव मात्र त्याच्या जवळजवळ दुप्पट; उलट महाराष्ट्रातल्या चंदगडकराला आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा बेळगाव कितीतरी जवळ. राज्याची हद्द इथे आडवी येत नाही. आडवी येते ती गाडी. मीटिंग बहुधा संध्याकाळी, आणि गावची मुक्कामाची गाडी चुकली की रात्र स्टँडवर. आधीच पिण्यावरून घरात संशय, त्यात ही रात्र! म्हणून परतीची वेळ आधी पाहून मगच मीटिंग ठरवावी. लांबची, अनोळखी मीटिंग दोनदा गाठण्यापेक्षा जवळची दर आठवड्याला गाठलेली जास्त उपयोगी पडते.

भाषेचा प्रश्नही आहे. बेळगाव परिसरात मराठी, कन्नड, कोकणी आणि हिंदी एकाच ओळीत येतात, आणि मिश्र गटात काम भागतेही. पण बायकोचे मंगळसूत्र गहाण टाकल्याची गोष्ट माणूस आईच्या भाषेतच नीट सांगू शकतो. गटाशी पहिल्यांदा बोलतानाच ‘मराठीत बोललेलं चालेल का?’ असे विचारून घ्यावे.

पत्ता शोधण्याचा सरळ रस्ता म्हणजे सरकारी किंवा मोठ्या खासगी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. तिथल्या समाजकार्यकर्त्यांना आसपासचे गट सहसा माहीत असतात. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा ‘टेली मानस’ क्रमांक, दोन्ही मोफत आहेत. कर्नाटकात धर्मस्थळच्या ग्रामविकास योजनेची मद्यवर्जन शिबिरे गावोगावी होतात, आणि शिबिरार्थींच्या नवजीवन समित्या पुढे एकमेकांची विचारपूस करतात. महाराष्ट्राच्या बाजूला पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र (स्थापना १९८६) उपचारानंतरच्या पाठपुराव्याला महत्त्व देते.

मीटिंग म्हणजे दवाखाना नव्हे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर हात थरथरणे, फिट येणे, दोन-तीन दिवसांनी भ्रम होणे, असे जीवावर बेतू शकते. आधी डॉक्टर, मग मीटिंग. औषधे चालू असताना मीटिंगला बसायला हरकत नाही. परिणामाबद्दल बोलायचे तर वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले. ए.ए.कडे नेणारे शिस्तबद्ध उपचार घेतलेल्यांत वर्षभर पूर्ण दारूमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा जास्त आढळले.

या मुलखात दारू सोडण्याची एक जुनी वाटही आहे, ती माळेची. तुळशीची माळ घातली की दारू-मटण सुटते. एकादशीचे भजन, वारीची दिंडी ही सोबत आपोआप मिळते, शिवाय ‘माळकरी आहे’ म्हटल्यावर कोणी आग्रह करत नाही. ए.ए.तल्या माणसाला असे तयार उत्तर नसते. गावच्या लक्ष्मी यात्रेत पै-पाहुणे येतात, मटणाची पंगत उठते आणि ‘एकच घे की’ सुरू होते. अशा वेळी अनुभवी सभासद, ज्याला ‘स्पॉन्सर’ म्हणतात, त्याचा नंबर खिशात लागतो. माळ आणि मीटिंग यांत वैर नाही. ए.ए.चा कार्यक्रम बारा पायऱ्यांचा, आणि त्या पायऱ्यांतला देव ‘आपल्याला उमगेल तसा’ आहे, त्यामुळे विठोबा त्यात सहज बसतो आणि न मानणाराही.

पिणाऱ्या स्त्रियांचा मीटिंगमधला वावर मात्र फार थोडा. बदनामीचे भय त्यांच्या बाबतीत दुप्पट. त्यांनी फोनवर आधी बोलून घ्यावे किंवा ऑनलाइन मीटिंगपासून सुरुवात करावी. कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ ही १९५१ साली सुरू झालेली वेगळी संघटना आहे. नवरा पितच असला, मीटिंगला यायला तयार नसला, तरी बायकोला तिथे जाता येते.